हिऱ्याचं कार्ड

फ्लोरिडात राहणाऱ्या निवृत्त माणसाला क्रूझचा नाद लागायला फार काही करावं लागत नाही. ऑर्लँडोहून गाडी काढली की तासाभरात पोर्ट कॅनव्हरल. बॅगा हमालाच्या ताब्यात द्यायच्या आणि दुपारचं जेवण बोटीवर घ्यायचं. विमान नाही, सामानाच्या वजनाची कटकट नाही. त्यातून बोट सुटण्याचा दिवस जवळ आला आणि खोल्या उरल्या, की कंपन्या भाव उतरवतात. रिकामी खोली घेऊन समुद्रात जाण्यापेक्षा ती स्वस्तात दिलेली बरी. खोलीत माणूस आला की तो बार, कॅसिनो आणि सहलींवर पैसे सोडणारच. पण आठ दिवस आधी कळवलं तर घराबाहेर पडू शकतो कोण? नोकरदाराला रजा नसते, पोराबाळांच्या माणसाला शाळा असते. उरतो तो निवृत्त.

अण्णा त्या उरलेल्यांपैकी. फलटणजवळच्या खेड्यातले, पुण्याला इंजिनिअर झालेले आणि पुढची सगळी नोकरी अमेरिकेत पाण्याच्या पंपांची ड्रॉइंगं तपासण्यात घालवलेले. दुसऱ्यानं काढलेल्या आराखड्यातली चूक हुडकायची आणि तिच्यावर लाल खूण करायची, ह्याचा त्यांना पगार मिळायचा. घरात मात्र साधा माणूस. भाजीत मीठ कमी पडलं तर न बोलता वरून घ्यायचे.

पहिली क्रूझ मुलीनं भेट दिली. चार रात्रींची, नासाऊला जाऊन परत. खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची. दिवा मालवला की दिवस की रात्र ते कळायचं नाही. पण अण्णा खोलीत थांबलेच किती? एवढं मोठं धूड पाण्यावर चालतं आणि कपातला चहा हिंदकळत नाही, ह्यानंच ते वेडे झाले. एका अधिकाऱ्याला गाठून त्यांनी बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंनी असलेल्या पंखांची माहिती काढली, जे लाटेच्या उलट दिशेला फिरून बोटीला सावरतात. एवढ्या माणसांना आंघोळीला पाणी कुठून येतं? समुद्राचंच, गोडं करून. ते करणाऱ्या यंत्राचा पंप कोणत्या जातीचा असेल, ह्यावर त्यांनी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, रात्री अर्धा तास व्याख्यान दिलं. खोली आवरणारा पोरगा गोव्याकडचा, कुंकळ्ळीचा. तो रोज टॉवेलच्या घड्या घालून प्राणी करून ठेवायचा. पहिल्या दिवशी हत्ती होता. वहिनींनी तो दोन दिवस मोडू दिला नाही. हात पुसायला दुसरा टॉवेल मागून घेतला.

नासाऊला उतरल्यावर सगळे बाजाराकडे वळले आणि हे दोघं चढावरून चालत क्वीन्स स्टेअरकेसला गेले. १७९३-९४च्या सुमारास गुलामांकडून चुनखडीचा कडा हातानं फोडून घेतला आणि वरच्या किल्ल्याकडे जायला ह्या पायऱ्या खोदून घेतल्या. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये गारवा. अण्णांनी पायऱ्या मोजल्या. पासष्ट भरल्या. तिथल्या माणसानं सांगितलं की एक पायरी रस्त्याखाली गाडली गेलीय, खरी संख्या सहासष्ट. अण्णांच्या खिशात नेहमी एक छोटी वही असे, तिच्यात त्यांनी ते लिहून घेतलं. त्या वहीत पंखांचं चित्र होतं, नासाऊच्या बाजारातल्या शंखातल्या मांसाचा भाव होता आणि कुंकळ्ळीच्या पोरानं सांगितलेलं त्याच्या घराचं वर्णन होतं.

मग दुसरी सहल झाली, तिसरी झाली. कोझुमेल पाहिलं, तिथल्या माया लोकांच्या इश्चेल देवीच्या देवळांचे अवशेष पाहिले. सेंट थॉमसला वाळूची जमीन असलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ पाहिलं. इथवर सगळं छान होतं.

नासाऊ मात्र पुन्हा पुन्हा येऊ लागलं. त्याला कारण आहे. ह्या बोटी बहुतेक बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात, आणि अमेरिकेतून प्रवासी घेऊन अमेरिकेतच परतणाऱ्या परदेशी बोटीला वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं, असा तिथला १८८६चा कायदा आहे. फ्लोरिडाहून तीन-चार दिवसांत उरकायचं तर जवळ बहामाच. दुसरी सोय कंपन्यांनी स्वतःची केली. बहामातली छोटी बेटं घेतली किंवा भाड्यानं घेतली आणि तिथंच बोट लावायला सुरुवात केली. ही कल्पना १९७७पासूनची आहे. अशा बेटावर गाव नसतं, बाजार नसतो, शाळेतून घरी जाणारं पोर नसतं. खुर्च्या असतात, बर्फ असतो आणि बोटीवरचंच जेवण किनाऱ्यावर वाढलेलं असतं. त्याला ‘बंदर’ म्हणायचं असेल तर म्हणा.

कितव्या खेपेपासून अण्णा नासाऊला खाली उतरेनासे झाले, ते वहिनींनाही नीट सांगता येत नाही. बोट रिकामी असते तेव्हा पोहण्याच्या तलावाकाठी चांगली जागा मिळते, असा शोध त्यांनी लावला. शोध खरा आहे. जुने क्रूझवाले हे नवख्यांना हमखास सांगतात.

उत्साह ओसरतोय हे अण्णांना कळत होतं, पण त्यांनी त्यावर इंजिनिअरचा उपाय केला, भाग बदलून बघायचा. बिनखिडकीची खोली बदलून खिडकीची घेतली. पहिल्या संध्याकाळी दोघं खिडकीशी बसून राहिले. पुढच्या खेपेला खिडकी लहान वाटली. मग बाल्कनी घेतली. बाल्कनीत बसून सकाळचा चहा, समोर नुसतं पाणी, हे सुख दोन सहली टिकलं. तिसऱ्या वेळी शेजारच्या बाल्कनीतल्या माणसाच्या सिगारेटचा वास यायला लागला. वास आधीही येत असणार. मग बोट बदलली, आधीपेक्षा मोठी घेतली. तिच्यावर बर्फावर घसरण्याची जागा होती, कृत्रिम लाटांवर स्वार व्हायची सोय होती, चढायला भिंत होती. अण्णांचं वय सत्तरीला टेकलेलं. त्यांनी ह्यांपैकी काहीच केलं नाही. फक्त पोरांची गर्दी फार आहे, असं वहीत लिहिलं.

माणसाला मिळालेल्या सुखाची सवय होते आणि त्याच आनंदासाठी त्याला पुन्हा जास्त सुख लागतं, ह्या विषयावर फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल ह्या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली लिहिलं आणि त्यासाठी पायाखाली पट्टा फिरत राहणाऱ्या यंत्राची प्रतिमा वापरली. कितीही चाला, माणूस तिथंच. अण्णा बोटीवरच्या व्यायामशाळेत रोज त्याच यंत्रावर चालायचे, समोरच्या काचेतून समुद्र मागे जाताना पाहत. तो लेख त्यांच्या वाचनात आला असता तर ते हसले असते. पण मला त्या उत्तरानं पूर्ण समाधान होत नाही. सवय होते हे खरं. सगळ्याच गोष्टींची होते का?

आता कार्डाविषयी. प्रवासी परत यावेत म्हणून कंपन्यांनी पायऱ्या केल्या आहेत. बोटीवर काढलेल्या प्रत्येक रात्रीचा गुण मिळतो, गुण साठले की माणूस वरच्या पायरीवर जातो. नावंही मोठी, सोनं, प्लॅटिनम, पाचू, हिरा. हिरा झालं की वेगळ्या दिवाणखान्यात प्रवेश, संध्याकाळी फुकट पेय, चढताना वेगळी रांग. अण्णांना पेयाचं आकर्षण नव्हतं. ते पन्ह्याच्या पुढे कधी गेले नाहीत. पण गुण म्हणजे आकडा, आणि आकडा अपुरा राहिला की त्यांना झोप येत नसे. जिथं जायची इच्छा उरली नव्हती तिथं ते आता गुणांसाठी जाऊ लागले. सहल निवडताना ते बंदरांची नावं बघायचे बंद झाले, रात्री मोजायला लागले.

वहिनींनी एकदा कपाट आवरताना त्यांच्या वह्या काढल्या. पहिल्या वहीतले पंख, पायऱ्या, शंखाचा भाव वर सांगितलेच. शेवटच्या वहीत असं होतं: ‘ऑम्लेट गार. लिफ्टला फार वेळ. पहिल्या रात्रीचा नाच मागच्या बोटीवर होता तोच. कॉफीला आता वेगळे पैसे. टॉवेलचं माकड, कालही माकडच.’ ओळीओळीखाली लाल रेघ मारलेली. त्यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या होत्या, हे अण्णांच्या बाजूनं सांगायला हवं. पूर्वी तिकिटात येणाऱ्या कित्येक गोष्टींना आता वेगळे पैसे पडतात, रोजची बक्षिसी आपोआप बिलात चढते आणि मोठ्या बोटींवर जेवणाच्या वेळी ताट घेऊन टेबल शोधत फिरावं लागतं. ड्रॉइंग तपासणाऱ्यानं चूक शोधली, म्हणजे ती तिथं होतीच. प्रश्न एवढाच होता की सहलीला गेलेला माणूस पुन्हा नोकरीवर का बसला होता.

वहिनींनी वही जागच्या जागी ठेवली आणि रात्री जेवताना सांगून टाकलं, “अहो, पुढच्या खेपेला मी येणार नाही.”

“अगं, अकरा रात्री आहेत. ग्रेनेडापर्यंत जाते. माझं हिऱ्याचं कार्ड पुरं होतंय.”

“तुमचं होतंय ना, मग तुम्ही जा.”

“कंटाळलीस बोटीला?”

“बोटीला नाही हो. मी मालवणची आहे, बोटीला कशी कंटाळेन?”

वहिनींचं लहानपण गिरगावातलं आणि मे महिना मालवणचा. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती १९९८ साली पूर्ण झाली. मुंबईकर चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी जायचे. सगळे डेकवर, सतरंजी टाकून. धक्क्यावर जागा पकडायला धावायचं, ट्रंकांचा कोट करायचा, आत आई आणि धाकटी भावंडं. बोट बंदराबाहेर पडून डुलायला लागली की निम्म्या डेकला ओकाऱ्या. आईला बोट लागायची, म्हणून तिच्या नाकाशी लिंबू धरायचं काम वहिनींकडे. धाकट्या भावाचं मनगट सोडायचं नाही, हे दुसरं काम. मालवणला खडकांमुळे बोट लांबच उभी राहायची, मग पडावात उतरायचं. पडाव वर आला की खलाशी ओरडायचा आणि त्या क्षणी उडी. एकदा त्यांची चप्पल समुद्रात गेली. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची, म्हणून जूनच्या आत परतायचं, परतीला फणस आणि सोलांची पिशवी सांभाळायची. हे दरवर्षी. तीच बोट, तेच डेक, त्याच ओकाऱ्या. वहिनी सांगतात की एप्रिल लागला की त्यांना झोप यायची नाही. कंटाळा हा शब्द त्या बोटीच्या संदर्भात त्यांनी कधी ऐकला नाही.

मानसशास्त्राच्या त्या पट्ट्यावर ही बोट बसत नाही, म्हणून मी वर शंका घेतली. गरिबीतलं सगळं गोड असतं, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ओकारी कुणालाच गोड नसते, आणि त्याच वहिनींना आजही वातानुकूलित खोली आवडते.

तर अण्णा एकटेच गेले. एकट्या माणसाला खोलीचे जवळजवळ दुप्पट पैसे पडतात, कारण भाडं दोघांच्या हिशेबानं लावलेलं असतं. तेही त्यांनी भरले. बोट फोर्ट लॉडरडेलहून सुटली. पहिले दोन दिवस नुसता समुद्र. तिसऱ्या संध्याकाळी त्यांचे गुण भरले. छोटा समारंभ झाला, कॅप्टननं हात मिळवला, फोटो निघाला, आणि अण्णा हिऱ्यांच्या दिवाणखान्यात गेले.

तिथं त्यांच्यासारखीच पंचवीस-तीस मंडळी बसली होती. सगळे अनुभवी. एक बाई सांगत होत्या की पूर्वी उशीवर दोन चॉकलेटं असत. एक गृहस्थ जुन्या बोटीच्या लाकडी डेकबद्दल हळहळत होते. तिसऱ्याला कॉफीचा राग होता. चौथ्याला बोटीवरच्या पोरांच्या वाढलेल्या गर्दीचा. पूर्वी असं नव्हतं, ह्यावर सर्वांचं एकमत होतं. अण्णांनीही आपलं ऑम्लेट पुढे केलं आणि त्यांना चांगली दाद मिळाली. तासाभरात एकानंही ‘आज समुद्रात काय दिसलं’ असा विषय काढला नाही. त्या दिवाणखान्याला खिडक्या मोठ्या होत्या.

खोलीवर येऊन त्यांनी गावी दादांना फोन लावला. दादा थोरले भाऊ, ऐंशीच्या पुढचे, शेतकरी आणि वारकरी. इकडची रात्र म्हणजे तिकडची सकाळ.

“कुठं हाईस?”

“बोटीवर, दादा. अकरा दिवस.”

“अकरा दिवस! मग करतोस काय दिवसभर?”

अण्णांनी सांगितलं. सकाळी नाश्ता, पन्नास प्रकार. खोली कुणीतरी आवरतं, दिवसातनं दोनदा. दुपारी जेवण. संध्याकाळी गाणं, नाच, पुन्हा जेवण.

“हे सगळं ते करत्यात. तू काय करतोस?”

अण्णांना आठवेना.

“आजारी पडलायस का रे?” दादांनी काळजीनं विचारलं. “न्हाई म्हंजे, हातात ताट, अंथरूण घालून, पाणी आणून... जावईबापूलासुद्धा आपण तीन दिवस असं ठेवतो. चौथ्या दिवशी म्हणतोच की, जरा विहिरीवरची मोटार बघून या. नाहीतर तोच म्हणतो, भाजीत मीठ कमी हाय.”

अण्णांना जरा लागलं. ते म्हणाले, “आणि तुम्ही दरवर्षी त्याच रस्त्यानं पंढरपूरला जाता, तेच मुक्काम, तोच घाट. तुम्हाला नाही कंटाळा येत?”

“कंटाळायला सवड कुणाला हाय? मुक्कामाला पोचलं की तंबूचे खुंटे ठोकायचे, टँकरपाशी लाईन लावायची, म्हाताऱ्यांचे पाय चोळायचे. आता मीच म्हातारा झालो, तर गेल्या साली मला भांड्यांच्या ट्रकवर मोजदादीला बसवलं. एकशे चाळीस ताटल्या. एक कमी भरली तर सगळी दिंडी थांबते. बरं, ठेवतो, दूध घालायचंय.”

आळंदी ते पंढरपूर हा रस्ता साधारण अडीचशे किलोमीटरचा. त्यावर दरवर्षी लाखो माणसं चालतात, आणि त्यांतली कित्येक आयुष्यभर चालतात. त्यांच्या भक्तीबद्दल मी इथं काही बोलत नाही, तो माझा अधिकार नाही. पण दिंडीत प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी काम असतं, आणि वारीला आलेल्याकडून जेवण कसं वाटलं ह्याचा फॉर्म कुणी भरून घेत नाही. क्रूझवर शेवटच्या रात्री तो फॉर्म येतो. प्रवाशाकडून अपेक्षित असलेलं सबंध सहलीतलं तेवढं एकच काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा डेकवर एकटेच कठड्याशी उभे होते. शेजारी एक बाई आल्या. जॉर्जिया राज्यातल्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, आयुष्यातली पहिली क्रूझ. त्या अचानक ओरडल्या. पाण्यातून चांदीच्या पात्यांसारखा थवाच्या थवा उसळला, लाटांवरून सरसर दूरवर तरंगत गेला आणि पुन्हा पाण्यात शिरला. “पक्षी का हे?” त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, “मासे. उडणारे मासे.” त्यांनी नाव वाचलेलं होतं, बार्बाडोसच्या ताटात तळलेले खाल्लेही होते. उडताना ते पहिल्यांदाच बघत होते. इतक्या खेपा ह्याच पाण्यावरून जाऊन.

त्या बाईंना ग्रेनेडात जायफळाचं केंद्र बघायचं होतं आणि एकटीनं बसमध्ये बसायची भीती वाटत होती. अण्णा सोबत उतरले. सेंट जॉर्जेसहून किनाऱ्याकिनाऱ्यानं साधी बस ग्वाव्ह नावाच्या गावाला जाते. तिथल्या जुन्या लाकडी वखारीत बायका जायफळं निवडत बसलेल्या असतात. पाण्यात टाकून बघतात. भरलेलं बुडतं, पोकळ तरंगतं. ग्रेनेडाच्या झेंड्यावर जायफळ आहे, इतकं त्या बेटाचं त्यावर पोट. २००४च्या सप्टेंबरात इव्हान वादळात बहुतेक झाडं उन्मळून पडली, आणि जायफळाचं झाड काही वर्षं थांबल्याशिवाय फळ देत नाही, तेव्हा केवढा फटका बसला असेल त्याची कल्पना करावी. निवडणाऱ्या एका बाईंनी अण्णांच्या हातावर एक फळ फोडून ठेवलं. आत तपकिरी बी, तिच्याभोवती लालभडक जायपत्री.

बसवाल्या बाईंनी विचारलं, हे खातात कसं? अण्णा बोलायला लागले. पुरणात घालतात, श्रीखंडात घालतात. तान्ह्या बाळाला गुटीत सहाणेवर उगाळून चार वळसे देतात, झोप लागावी म्हणून. चार वळशांवर पाचवा दिला की आजी ओरडते. त्यांच्या बायकोच्या कोकणातही ही झाडं आहेत, नारळी-पोफळीच्या बागेत सावलीला वाढतात. निवडणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. परत बोटीवर पोचायला उशीर झाला, धावावं लागलं. हिऱ्यांच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी अण्णा गेले नाहीत. वही काढून त्यांनी दोन पानं लिहिली आणि लाल पेन हरवलं असं वहिनींना पुढे सांगितलं. ते खरं नसावं.

इथं गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. अण्णांना वाटलं, रोग बरा झाला. त्यांनी लगेच पुढची सहल काढली, वहिनींनाही ओढून नेलं, आणि तिसऱ्या दिवशी बाल्कनीत बसून म्हणाले, “ऑम्लेट अजून गारच आहे.” बसवाली बाई दर बोटीवर भेटत नाही. बेट कंपनीचं होतं, तिथं जायफळही नव्हतं आणि बसही. वहिनी म्हणाल्या, “अहो, पुरे आता.” आणि पुरे झालं. भांडण नाही, शपथ नाही. पुढची जाहिरात आली तेव्हा अण्णांनी रात्री मोजल्या नाहीत, एवढंच.

बंदराची सवय मात्र सुटली नाही. बोटींवर काम करणाऱ्यांना रोज दहा-बारा तास काम असतं, आठवड्याची सुट्टी नसते, करार सहा ते नऊ महिन्यांचा. बोट बंदरात लागली की त्यांना जेमतेम दोन-तीन तास मिळतात. तेवढ्यात घरी फोन करायचा, पैसे पाठवायचे, साबण, तेल, गोळ्या आणायच्या. आणि दुकान बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नसतं. जगातल्या बऱ्याच बंदरांत अशा खलाशांसाठी सेवाकेंद्रं चालतात आणि दुकानापर्यंत गाडी सोडायचं काम स्वयंसेवक करतात. बंदरातल्या तशाच एका केंद्राची गाडी अण्णा आता आठवड्यातून दोन सकाळी चालवतात. गाडीत फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे, गोव्याचे लोक असतात. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि एखादा तारवटी गाडीत असला की पुढच्या सीटवर बसलेल्या वहिनी मालवणीत सुरू होतात, तो कोकणीत उत्तर देतो आणि दोघांचं व्यवस्थित चालतं. कुणाला आईसाठी गुडघ्याचं मलम हवं असतं, कुणाला पोरीचे बूट, माप कागदावर पायाभोवती काढून आणलेलं. बोट सुटायच्या आत सगळे परत पोचले पाहिजेत, म्हणून अण्णा डोकी मोजतात. एक कमी भरलं की गाडी हलत नाही. खेपा त्याच, रस्ता तोच, दुकानही तेच. गाडीच्या आसनांबद्दल त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही.

क्रूझ वाईट असते, असं अण्णा कुणाला सांगत नाहीत, आणि माझंही तसं म्हणणं नाही. मुंबईच्या धक्क्यावरूनही आता गोव्याला, लक्षद्वीपला बोटी जातात. ज्यांनी अजून केली नसेल त्यांनी एकदा जरूर जावं, आणि आईवडिलांना न्यावं. फक्त खोली बिनखिडकीची घ्यावी. बाल्कनीचे वाचलेले पैसे बंदरात उतरून गावातल्या साध्या बसच्या तिकिटाला आणि खोली आवरणाऱ्या पोराच्या हातात द्यायला ठेवावेत, आणि शेवटच्या रात्री आलेला तो फॉर्म कोरा परत करावा.